मातीच्या वाटेवर शेवंता

श्रावण संपत आला तरी पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, आणि नत्थुजींच्या तबेल्यात घोड्या कमी अन् चिखल जास्त झाला होता. मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात त्यांच्या घरी आजोबांपासून लग्नाच्या घोड्या. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही, म्हणजे कमाई नाही; काम मात्र दुप्पट. खुरांतला चिखल कोरायचा, माश्या उठल्या की कडुनिंबाचा धूर करायचा, घोड्यांच्या चाऱ्याचं कुटार ओलं झालं की ते पलंगावर पसरायचं आणि आपण खाली झोपायचं. त्यात हल्ली नवरदेव फुलं लावलेल्या मोटारीतून येऊ लागले होते. नत्थुजी पावसाळाभर सुतक असल्यासारखे बसून असत.

त्या दिवशी मात्र खरोखरच गावात माती होती. शेषराव पहाटे वारले होते. म्हातारा माणूस, बिनलग्नाचा, बहिणीकडे राहणारा. हातातलं काम आटोपून नत्थुजीही मातीला निघणार होते. तेवढ्यात ऊन पडलं. इतक्या दिवसांनी पडलेलं ऊन वाया कसं घालवायचं? त्यांनी पेटीतून शेवंता घोडीची मखमली झूल काढली. झुलीवर बुरशी धरली होती.

"दोरीवर जागा हाय का व?"

"माह्या गोधड्या हायेत," त्यांची बायको दुर्गाबाई आतून म्हणाल्या.

"मंग हे कुठं वाळवू?"

"माह्या डोक्शावर वाळवा!"

ते डोकं काही रिकामं दिसेना, म्हणून नत्थुजींनी झूल शेवंताच्याच पाठीवर टाकली. तुराही ओलाच होता. तो तिच्या कपाळावर बांधला. तबेल्यात धूर करायचा म्हणून तिला सोडून अंगणात उभं केलं आणि ते गोवऱ्या पेटवायला आत गेले.

आणि रस्त्यावर बँड वाजला.

पिकलं पान गळालं, त्याला वाजतगाजत न्यावं, असं शेषरावांच्या भाच्यांनी ठरवलं होतं. बँडवाले भजनच वाजवत होते. पण शेवंताला भजन काय अन् वरात काय! ढोल ऐकताच तिने कान टवकारले, कुंपणाची फट गाठली आणि थेट तिरडीपुढे जाऊन उभी राहिली. वर तुरा, खाली झूल. मग तिने पुढचे दोन्ही पाय उचलले.

घोडी समोर नाचताना पाहून बँडवाल्यांचे हातही सवयीने फिरले. भजन कुठल्या वळणावर लग्नाच्या गाण्यात शिरलं, ते त्यांनाही कळलं नाही.

नत्थुजी एका पायात चप्पल घालून धावत आले. लगाम नव्हता. त्यांनी आयाळ धरून ओढलं, तशी शेवंता जास्तच थिरकू लागली. आयाळ ओढली की नाचायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"बंद करा रे वाजवनं!" कोणीतरी ओरडलं. बँड थांबला. घोडी थांबली. सगळा गाव नत्थुजींकडे पाहू लागला. त्यांना वाटलं, आपल्यालाही त्याच तिरडीवर कडेला जागा मिळाली तर बरं.

तिरडीमागून शेषरावांची बहीण केशरबाई पुढे आली. नत्थुजींनी हात जोडले.

"चुकलं बाई. नेतो मी तिले."

केशरबाईने घोडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "दोनदा सोयरीक जुळली दादाची, दोनदा मोडली. घोडीवर बसाचं राहूनच गेलं त्याचं. चालू द्या तिले म्होरं."

मग नत्थुजी एका चपलेने, शेवंताच्या मानेवर हात ठेवून, स्मशानापर्यंत सगळ्यांच्या पुढे चालले. रडू येत होतं की हसू, त्यांना नीट कळत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

गावाला मात्र सगळं नीट कळलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या एकेक करून परत गेल्या. "मयतीत नाचलेली घोडी आमाले नको," असं एका वरबापाने तोंडावर सांगितलं. दुसऱ्याने तेवढंही सांगितलं नाही, मोटार ठरवली. दुर्गाबाईंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. नत्थुजी शेवंताला खरारा करत बसत. अंग चकचकीत होई, पण पाहायला कोणी येत नसे.

दिवाळीच्या सुमारास केशरबाई अंगणात येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने शेवंताच्या नाकाडावरून हात फिरवला.

"नत्थूभाऊ, मले घोडी पायजे."

नत्थुजी ताडकन उठले. "कोनाचं लग्न हाय?"

"लग्न नाही बापा. माह्या मातीले पायजे. माह्या लग्नात नवरा घोडीवर आला, अन् मले बैलाच्या बंडीत कोंबून नेलं. बायकाईले कोन देते घोडी?"

नत्थुजींनी गंभीरपणे मान डोलावली आणि धंद्याच्या सवयीने विचारलं, "तारीख कोनती?"

तोंडातून गेलं ते गेलं. त्यांनी जीभ चावली. केशरबाईने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे, हे त्यांना जरा वेळाने कळलं.

"तारीख निघाली का पोट्टे सांगतीन," ती म्हणाली. "पन त्या दिवशी दुसऱ्याची सुपारी घेऊ नोका."

दुर्गाबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कोणाला कळलं नव्हतं.

"बसा बाई, चहा ठेवते," त्या म्हणाल्या. "तारखीचं काय, ते मांगं-म्होरं होतच राह्यते."