आंबेघोळच्या पुराची फेरपाहणी

गेल्या जुलैत आमचा रस्ता घेऊन गेलेला पूर एकवीस एप्रिलला सकाळी साडेअकरा वाजता केंद्राच्या पथकासमोर पाहणीसाठी हजर झाला.

त्याला बोलवावं लागलं, ही चूक आमच्याच रस्ते उपविभागाची. आंबेघोळच्या वळणावर दोनशे मीटर रस्ता वाहून गेला, तेव्हा आम्ही चार दिवसांत मुरूम टाकून एसटी सुरू केली. शहाण्या खात्याने खड्डा जपून ठेवला असता. केंद्राचा नियम असा, की नुकसान डोळ्यांनी दिसल्याशिवाय खर्चाचा परतावा नाही. नऊ महिने मी स्मरणपत्रं टंकत होतो, प्रत्येकावर ‘तातडीचे’ असा शिक्का. मार्चमध्ये पथक आलं, रस्ता जागेवर पाहून चहा पिऊन परत गेलं. मुरूम तर पहिल्या मोठ्या पावसातच जाणार होता, आणि जाताना त्यावर एसटी असली तर काय, या विचाराने आमच्या उपअभियंता खराडे मॅडमना झोप लागत नव्हती. पक्क्या भिंतीसाठी निधी हवा होता आणि तो जूनच्या आत. शेवटी मॅडमनी नदीला रीतसर पत्र दिलं, की मूळ नुकसान मूळ जागी पुन्हा दाखवावे.

पूर वेळेवर आला. आभाळ कोरडं होतं. तपकिरी पाणी वळणाखाली येऊन उभं राहिलं, चांगलं पुरुषभर उंच, आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही. सरकारी नोकरीत मी चोवीस वर्षं काढली, पण एवढी शिस्त कुठे पाहिली नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

पूर प्रामाणिकही होता. पुन्हा न्यायचं तर आधी जागेवर ठेवायला हवं, म्हणून जुलैत नेलेलं सगळं त्याने बरोबर आणलं. आमचा मुरूम बाजूला सारून जुना डांबरी रस्ता अंथरला, कडेचे पांढरे दगड रोवले, जांभळीचं झाड उभं केलं. शेवटी आमचा मैलकुली रावजी शेलार, ज्याच्याकडे या रस्त्याची देखभाल होती, त्याला लाल निशाणासकट वळणावर उभं केलं. जुलैत त्याने तिथेच उभं राहून एसटी अडवली होती. एसटी वाचली. रावजी सापडला नव्हता.

पथकप्रमुख सक्सेना साहेबांनी फाईल चाळली आणि हिंदीत विचारलं, हा माणूस यादीत का नाही.

“रस्त्याच्या नुकसानीत माणूस धरत नाहीत, साहेब,” मॅडम म्हणाल्या.

पूर कधी जाणार, असं साहेबांनी विचारलं.

“तुमची सही झाली की.”

आणि हा?

“जुलैत जे जे गेलं, ते सगळं जाईल.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

रावजीची बायको अनसूया आमच्याच कामावर मजुरीला होती. डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती आपलं भाकरीचं फडकं घेऊन त्याच्याकडे चालत गेली. तिला कुणी अडवलं नाही.

“जेवलासा का?”

“कुठलं जेवान. ड्युटीवर हाय.”

निशाण डाव्या हातात धरून तो उभ्या उभ्या जेवला. म्हैस व्याली का, विचारलं. रेडी झाल्याचं ऐकून हसला. ती त्याच्याकडे बघत होती आणि आम्ही दुसरीकडे बघत होतो, कारण ते बघणं आमच्यासाठी नव्हतं.

मॅडम साहेबांजवळ गेल्या. “सावकाश बघा, साहेब. काही घाई नाही.”

आमच्या खात्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेबांनी मान डोलावली आणि टेप मागवली. तोच रस्ता आम्ही तीनदा मोजला. पाणी उभंच होतं.

रावजीने हात धुतले आणि हाक मारली. “मॅडम, तुमचा मुरूम बगितला म्या. पावसात टिकायचा न्हाई.”

“माहीत आहे, रावजी.”

“मग सही हू द्या की. गाडी जाती न्हवं ह्याच्यावरनं.”

साहेबांनी अनसूयेकडे पाहिलं. मराठी त्यांना येत नव्हती, तरी काय चाललंय ते त्यांना कळलं होतं.

तिने रिकाम्या फडक्याला गाठ मारली. “करा सही,” ती म्हणाली. “त्येंनी सांगितलंय न्हवं.”

सही झाली. मग जुलैत झालं तसंच झालं. आधी कडेचे दगड गेले, मग जांभूळ, मग डांबर, आणि निशाण शेवटपर्यंत वर होतं. पाणी उतरलं तेव्हा वळणावर घळ पडली होती, फाईलमध्ये लिहिली होती नेमकी तेवढीच. साहेबांनी केव्हा टोपी काढली ते समजलं नाही. इतकं मोठं काही आयुष्यात पुन्हा दिसायचं नाही, हे मला उभ्या उभ्या कळत होतं आणि डोळे पुसायचंही सुचत नव्हतं.

बाराच्या एसटीचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

हॉर्न वाजला तेव्हा आम्ही वळून पाहिलं. अनसूया घळ उतरून वळणाच्या पलीकडे पोचलीसुद्धा होती. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने हात वर केला होता.

गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, “काय झालं, मावशी?”

“रस्ता न्हाई,” ती म्हणाली. “समद्यास्नी खाली उतरवा.”