तुळजाराव मास्तरांच्या ढ कोंबड्या

आमच्या गल्लीत कोंबड्या शिट्टीवर जेवायच्या. शिट्टी झाली की सगळ्या अंगणात हजर. उशिरा येणारीला तुळजाराव मास्तर भिंतीकडे तोंड करून उभी करायचे. कोंबडीला भिंत काय आणि आकाश काय, सारखंच. पण मास्तरांचं समाधान व्हायचं.

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. तंजावरच्या राजवाड्यामागे आमची मराठी घरं आहेत. त्यांतली निम्मी पोरं मास्तरांच्या शिट्टीखालून गेलेली. त्यांत मीही. "माझ्या हातून एकही ढ पोर निघालं नाहीं, पा!" हे ते छाती काढून सांगत. मी जन्मात दोरावर चढू शकलो नाही. त्यावर त्यांचा निर्वाळा असा, की "तूं ढ नाहींस, दोर ढिला होता."

मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या आणि घरात हुकूम सोडायला कुणी उरलं नाही. काकूंनी मास्तरांचा एकही हुकूम कधी पाळला नव्हता, ही गोष्ट वेगळी. मग मास्तरांनी कोंबड्या आणल्या.

त्यांचा मुलगा बंगळूरला, कंप्युटरच्या कंपनीत. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या घरी केबल आली होती, ज्याचा त्याचा मुलगा बंगळूरला निघाला होता, आणि मी कोपऱ्यावर एसटीडी बूथ टाकला होता. दर रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, काचेच्या खोलीत शिरून मुलाला फोन लावायचे आणि बाहेर येऊन साऱ्या गल्लीला बातमी द्यायचे.

"पोरगा बोलावतो आहे. एकसारखा बोलावतो! मज काय, मी उद्यां निघेन. पण कोंबड्यांस दाणा कोण घालणार, सांग पाहूं?"

एकदा समोरच्या पार्वतीअक्का म्हणाल्या, "मी घालतें कीं, अण्णा. तुम्ही जाऊन या."

मास्तर गडबडले. "त्या परक्या हातचं खात नाहींत."

परक्या हातचं न खाणाऱ्या या कोंबड्या अक्कांच्या वाळवणावर रोज ताव मारायच्या. पण अक्का भल्या, बोलल्या नाहीत.

तरी प्रश्न निघाला तो निघालाच. मग मास्तरांनी यंत्र काढलं. पत्र्याचा डबा, त्यावर झाकण, पुढे एक पायपट्टी. कोंबडी पट्टीवर चढली की झाकण उघडणार, उतरली की बंद. चिमण्या आणि उंदीर यांना प्रवेश नाही.

"दिल्लीचं सरकार काय सांगतं? फुकट खाणं पोदुम! पुरे! आपल्या पायांवर उभं राहायचं. मग कोंबड्यांनींही राहावं. त्या शिकल्या कीं मी निघालों बंगळूरला."

ही विद्या कोंबड्यांना सात जन्मांत येणार नाही, अशी गल्लीची खात्री होती. मास्तरांचीही तीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची अडचण एकच. वाईट शिकवणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी आधी पट्टीवर वीट ठेवून झाकण उघडंच ठेवलं. कोंबड्या धीट झाल्यावर विटेच्या जागी अर्धी वीट आली. झाकणाच्या आवाजाला घाबरून सगळ्या पपईच्या झाडावर चढल्या, तेव्हा मास्तरांनी कडेला सायकलची जुनी ट्यूब लावून तो आवाज निम्मा केला. शेवटी वीट काढली. पांढरी कोंबडी, जिला ते लीडर म्हणत, ती पट्टीवर चढली. टक. झाकण उघडलं. चार दिवसांत बाकीच्याही रांग लावून जेवू लागल्या.

गल्ली लोटली. अक्कांनी तर मास्तरांच्या प्रवासासाठी डबाभर मुरुक्कू, चकलीसारखे, तळले. "आतां टिकीट काढा, अण्णा!"

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचा वर्ग शंभर टक्के पास झाला होता, आणि त्यांचा चेहरा मात्र नापास झालेल्या पोरासारखा.

त्या रविवारी फोन लागला. काचेचं दार नीट लागलं नव्हतं. "नाहीं रे, सहजच केला... हो, हो, तूं काम कर." माझ्या समोरच्या मीटरचे लाल आकडे थोडे पळाले आणि थांबले. फोन तिकडून ठेवला गेला होता. आत मास्तर मात्र बोलतच होते, आणि तेही ओरडून, कारण बाहेर अक्का भाजी घेत होत्या. "अरे येतों रे बाबा! किती आग्रह करशील!"

मी मीटरकडे बघत बसलो. मला फार वाईट वाटलं. या माणसाची थट्टा करण्यात मी गल्लीत सगळ्यांच्या पुढे होतो.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र आजारी पडलं. पट्टी आवळली, झाकण उशिरा उठतं, एक ना दोन. पत्र्याचा कारागीर आला, त्याला काही दोष सापडेना. शेवटी अक्का मुरुक्कूचा डबा घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. "यंत्र धड आहे, कोंबड्या शहाण्या आहेत. मग अडलंय कुठें, अण्णा?"

मीही तिथेच होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत दोराखाली उभा राहून मी त्यांच्याकडे तसाच बघत असे.

"कसल्या शहाण्या, अक्का?" मी म्हणालो. "ढ आहेत. मास्तर समोर नसले तर एकही पाय देत नाही. मी बघितलंय."

मास्तरांची मान ताठ झाली. आता शिट्टी काढून मला भिंतीकडे उभं करणार, असं वाटलं. पण शिट्टीकडे गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

"होय," ते म्हणाले. "ढ आहेत."

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे लीडर पट्टीवर चढली. टक. मागे बाकीच्यांची रांग लागली. अक्कांनी ते नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मग हे तुम्हीच खा," म्हणत त्यांनी डबा मास्तरांच्या हातात दिला. "ढ पोरांस टाकून कुठें जातां?"

मास्तरांनी डबा घेतला. मागे वळून काही त्यांनी पाहिलं नाही. झाकण पुन्हा वाजलं, आणि आम्ही तिघं यंदा कावेरीला पाणी कधी सोडतील यावर बोलू लागलो.