लिमये काकांचा खिमा

आमच्या समोरच्या दारातले लिमये काका कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावर टिचकी मारतात, कान देऊन ऐकतात आणि मग निकाल सांगतात. निकाल दोनच. पास किंवा रिजेक्ट. नारळ, कलिंगड, माठ इथपर्यंत ठीक आहे, पण काका पावाच्या लादीवरही टिचकी मारतात. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट बसली तेव्हा उद्घाटनाचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी तिच्या दारावर टिचकी मारली आणि "रिजेक्ट" म्हणून जिन्याने वर गेले. पुढच्याच आठवड्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, सेक्रेटरींसकट. तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत काकांच्या टिचकीला मान आहे. त्यांच्या पुतणीला बघायला आलेला मुलगा म्हणे त्यांच्यापासून हातभर लांब बसला होता.

काका खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तपासणं संपलेलं नाही.

काकू अगदी उलट. त्यांना सगळं छान वाटतं. नळाला पाणी आलं नाही तरी छान, "त्या निमित्ताने पिंप घासून झालं." काकू मूळच्या कोल्हापूरच्या, त्याच कारखान्यात टायपिस्ट होत्या. लिमयांच्या घरात आल्या आणि कोंबडी-मटण सोडलं. सोड, असं कोणी सांगितलं नव्हतं. खावंसं वाटतं का, असं कोणी विचारलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात काकूंचे उरलेसुरले दात काढले. हिरड्या भरेपर्यंत कवळी बसणार नव्हती. काकू वरणभात कुस्करून घ्यायच्या, दोन घास खायच्या, "छान" म्हणायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. बांगड्या पार कोपराकडे चढायला लागल्या.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. जिन्यात कोणी नव्हतं तरी त्यांनी खाली-वर बघून घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, "दिघेबाई, एक तांत्रिक शंका आहे. कोंबडीचा खिमा तयार मिळतो, की करावा लागतो?"

आम्ही सीकेपी. आमच्याकडे पोरं बोलायला लागतात तीच मुळी या विषयावर. पण लिमयांच्या तोंडून खिमा ऐकून माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"कोणासाठी?"

"हिच्यासाठी. काल डॉक्टर म्हणाले, चालत असेल तर चिकनचा खिमा द्या, अंगात ताकद येईल. मी म्हटलं, आमच्यात चालत नाही. पण खिमा म्हटल्यावर हिने मान वर केली."

"मग?"

"मग परत खाली घातली. पण केली होती. आयुष्यभर तपासणी केली आहे मी, एवढं दिसतं मला."

मी पिशवी घेतली. काकांनी नाकाला रुमाल बांधला आणि मला पुढे घातलं. दुकानावर पाटी होती: 'रविवारी खिमा मिळणार नाही. कारण विचारू नये.'

"पाटी पास," काका रुमालातून म्हणाले. आणि कारण विचारलं.

"काका, मागं रांग बघा की," दुकानदार म्हणाला. "बुधवारी या."

बुधवारी गेलो. काकांनी खिम्याच्या मशीनमध्ये डोकावून बघितलं. "आधी यात काय होतं?"

"मटण. पण धुतलंय."

काकांनी मशीनवर टिचकी मारली. जाळीतून मटणाचा एक तुकडा टपकन खाली पडला.

"रिजेक्ट."

"ताई, हे साहेब खाणार आहेत का तपासणार आहेत?" दुकानदाराने मला विचारलं.

"खाणार तर नाहीतच," मी म्हटलं. "तुम्ही अर्धा किलो बोनलेस द्या. आम्ही घरी करतो."

काकांनी घरी ते सरळ मिक्सरला लावलं आणि बटण धरून ठेवलं. लगदा झाला. मी सांगितलं, असं नाही. तुकडे फ्रीजरमध्ये जरा थिजवून घ्यायचे, मग थोडे थोडे घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. त्यांच्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध, म्हणून दुसऱ्या वेळी चिकन माझ्या फ्रीजरमध्ये थिजलं. खिमा छान मोकळा झाला. काकांनी तो चमच्यात घेऊन भिंगाखाली धरला.

"कडेला पीठ आणि मध्ये तुकडे. एकसारखं नाही. हिरडीला टोचेल. रिजेक्ट."

रिजेक्ट झालेला सगळा माल आमच्याकडे यायचा. आमच्या घरातून या तपासणीविरुद्ध एकही तक्रार गेली नाही.

शेवटी मी म्हटलं, मग बसा हाताने करत. मी वैतागून बोलले होते. काका गेले आणि एक जाड लाकडी पाट नि दोन सुऱ्या घेऊन आले. आणताना पाटावर टिचकी मारलेली असणारच. मग गॅलरीत बसले, नाकाला रुमाल, दोन्ही हातांत सुऱ्या, टकटक टकटक. वरच्या जोशीबाईंनी खाली वाकून मला विचारलं, "लिमये फर्निचर करतायत का हो?" मी हो म्हटलं.

पाककृती मी सांगितली. कांदा, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला. काकांनी मान डोलावली. "पुढचं मला येतं. आमटी मीच करतो घरात." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी बेल वाजली. "चला, तपासणीला."

काकू टेबलाशी पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. समोर वाटीत खिमा, दोन चमचे कमी झालेला.

"विचारा तिला, कसा झालाय."

"छान," काकू पदराआडून म्हणाल्या.

"ऐकलंत? वरण छान, पेज छान. दात काढले तेव्हा डॉक्टरांना म्हणाली, छान काढलेत! ज्याने आयुष्यात एक नग रिजेक्ट केला नाही, त्याच्या सहीला काय किंमत? आणि मला तर चव घेता येत नाही. तुम्ही सांगा. ही खात का नाही?"

मी चमचा तोंडात घातला. इतका मऊ, इतका एकसारखा खिमा मी जन्मात केला नव्हता. आणि तो गोड होता.

"काका, यात काय घातलंत?"

"तुम्ही सांगितलंत ते."

"आणि?"

"आणि गोडा मसाला. आणि सुपारीएवढा गूळ. आमटीला लागतो तेवढाच."

काकू मला डोळ्यांनी नको नको म्हणून खुणावत होत्या. पण मी माझ्या सासूबाईंची पुरणपोळी त्यांच्या तोंडावर कोरडी म्हटलेली बाई आहे.

"रिजेक्ट," मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. "गूळ जास्त झाला का? निम्मा केला तर?"

"अहो, गूळ नकोच मुळी!"

हे मी बोलले नव्हते. काकूंचा पदर खाली आला होता. "खिम्यात गूळ कोण घालतं? आणि गोडा मसाला कसला? कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी मागवा. आणि असा पाण्यात पोहायला सोडू नका, सुका करा. नाकातून पाणी आलं पाहिजे!"

मग त्या स्वतःच दचकल्या. पदर परत वर गेला. "म्हणजे... तसा छानच आहे."

काका माझ्याकडे वळले. नात्यातल्या कोणाचा बोर्डात नंबर आल्यासारखा चेहरा. "ऐकलंत, दिघेबाई? रिजेक्ट म्हणाली!" मग खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले. "परत सांग. काय काय नको?"

मी माझी माझी घरी आले.

काकूंना कवळी बसली, बांगड्या मनगटावर आल्या, तरी दर बुधवारी गॅलरीत टकटक चालू असते. जिन्यात भेटले की काका बातमी देतात. "काल मीठ कमी म्हणाली." "काल कांदा कच्चा राहिला म्हणाली." सांगताना ताठ उभे राहतात.

गेल्या गुरुवारी मात्र वाटी घेऊन दारात उभे होते, जरा काळजीत.

"काल छान म्हणाली हो."

"मग चांगलंच आहे की."

"पण खरंच छान, की आपलं नेहमीचं? थोडा ठेवलाय. बघा."

मी बघितलं. नाकातून पाणी आलं. "पास."

तरी त्यांनी वाटीवर टिचकी मारली, कान दिला, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, खरंच छान झाला होता!"

"मग मी काल काय म्हटलं होतं?" आतून काकू कडाडल्या.