पाठमोरी सुनावणी

नगरपालिकेच्या तक्रार निवारण कक्षातले सुनावणी अधिकारी गेली नऊ वर्षे जवळजवळ बहिरे होते, आणि या काळात त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. नागरिक बोलत, अधिकारी मान डोलावत, नागरिक समाधानाने घरी जात. अर्ज कपाटात जाई. सगळे कसे सुरळीत चालले होते.

बिघडले ते बायकोमुळे. ‘जेवायला वाढू का विचारलं, तर “योग्य ती कार्यवाही होईल” म्हणता! कान तपासून घ्या,’ असे तिने कागदावर लिहून दिले. मागणी लेखी असल्यामुळे त्यांना दखल घ्यावीच लागली.

श्रवणयंत्र कार्यालयाने दिले. प्रत्येक कानामागे चार बारीक माइक. “आवाज कुठल्या माइकला आधी पोचतो, त्यावरून दिशा कळते,” तंत्रज्ञाने समजावले. “मग समोरच्याचं बोलणं उचलायचं आणि बाकीचा गलका दाबायचा.”

दुसऱ्या दिवशी पहिल्याच आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. चार वर्षे त्यांच्या स्वयंपाकघरात गटाराचे पाणी शिरत होते. अधिकाऱ्यांनी ते प्रथमच ऐकले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. तीन दिवसांत नवा पाइप बसला. आठवड्याभरात कपाटाचा एक कप्पा रिकामा झाला.

पण त्यांच्या खुर्चीमागे मोठ्या साहेबांची केबिन होती, आणि तिथून येणाऱ्या हाका यंत्र गलका समजून दाबत होते. तीन हाका वाया गेल्यावर साहेबांनी समिती नेमली. ‘कार्यालयीन यंत्राची समोरची दिशा म्हणजे वरिष्ठांची दिशा,’ असा एकमताने ठराव झाला. तंत्रज्ञाने माइकचा रोख मागे वळवला आणि कुलूपबंद केला.

घरी टॉवेल वाळत घालताना अधिकाऱ्यांना पाठीमागून बायकोचा आवाज लख्ख ऐकू आला. ते वळले, तर ती नुसतीच ओठ हलवत होती. डोक्यात प्रकाश पडला. सकाळी त्यांनी ऑफिसातली खुर्ची फिरवली.

“बोला,” ते केबिनच्या दाराकडे तोंड करून म्हणाले आणि शब्दन् शब्द लिहून घेऊ लागले. दुसरा कप्पाही रिकामा झाला.

पंधराव्या दिवशी दोनशे बारा सह्यांचा अर्ज आला : अधिकारी नागरिकांकडे पाठ फिरवतात. पहिली सही शिक्षिकेची होती. अधिकारी तडक त्यांच्या घरी गेले आणि दारातच पाठमोरे उभे राहिले.

“बाई, पाणी शिरायचं थांबलं ना?”

“थांबलं हो. पण माणसाने तोंडाकडे बघून ऐकावं की नाही? आधी किती छान मान डोलवायचात!”

अर्जाची दखल त्याच दिवशी घेतली गेली. एवढ्या तातडीने निकाली निघालेला तो कक्षातला पहिलाच अर्ज. खुर्ची नागरिकांकडे तोंड करून जमिनीला स्क्रूने पक्की झाली.

परवा पाइप पुन्हा फुटला. शिक्षिका अर्धा तास बोलल्या. त्यांचे डोळे भरलेले अधिकाऱ्यांना दिसत होते. एकही शब्द कळत नव्हता. एकदा, फक्त एकदा पाठ फिरवावी असे त्यांना फार वाटले. मागून मोठ्या साहेबांची जांभई मात्र स्पष्ट ऐकू आली. त्यांनी मान डोलावली.

जाताना बाईंनी अभिप्रायवहीत लिहिले, ‘आता किती मन लावून ऐकतात!’ खाली रांगेतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. तुमचीही आहे, सातव्या ओळीत.