अंबादासरावांची दुसरी चावी

अंबादासराव मोटारीची चावी जानव्याला बांधत. अंघोळ, संध्या, जेवण, सगळं चावीसकट. गाडी काढायची तेवढ्यापुरती गाठ सोडायची, गाडी थांबली की लगेच मारायची.

मानवतच्या तहसिलात नाझर म्हणून त्यांनी जन्मभर सरकारी तिजोरी राखली होती. रिटायर झाल्यावर बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दम्यापायी एक जुनी मोटार घेतली. विद्यापीठाच्या नामांतरावरून आज बंद, उद्या बंद असे ते दिवस. परभणीच्या दवाखान्यात जायला एस.टी.चा भरवसा नव्हता. गाडीबरोबर चावी मात्र एकच मिळाली. दुसरी हरवली, असं विकणारा म्हणाला आणि ह्यांची झोप उडाली.

"हरवली म्हंजे कुणाला तरी घावलीच असंल की!"

तेव्हापासून सारं मानवत संशयित. गल्लीत गाडी चालवता येणारा मी एकटाच, म्हणून माझा नंबर पहिला. मी चपला घातल्या की शेजारच्या खिडकीतून आवाज यायचा, "कुठं निघालाव? खिशात काय वाजायलंय?" एकदा चिडून मी खिसा उलटा केला. सुपारीचं खांड निघालं. तेही त्यांनी उजेडात धरून पाहिलं.

"अहो, मग दुसरी करून घ्या की."

"दुसरी कशी? तिसरी म्हना. दुसरी चोरापाशी हाय!"

आणि एक दिवस चावी करायला स्वतःच परभणीला निघाले. परतायला अंधार होईल म्हणून गाडी दारातच ठेवली. मलाही एस.टी.त बसवलं. सोबतीसाठी नव्हे. "मागं गाडी अन् तुमी दोघंच राहाव, ते काय आपल्याला पटत नाही," असं तोंडावर सांगितलं.

परभणीच्या किल्लीवाल्यापुढं मात्र ते गाठ सोडेनात. चावी शिकंज्यात, तिच्यामागं जानवं आणि जानव्यात ओणवे अंबादासराव. बघे जमले. किल्लीवाला कानस आपटून म्हणाला, "चचा, मेरेकू चावी घिसनी है, गर्दन नक्को!" गाठ काही सुटली नाही. चावी तशीच झाली.

घरी येऊन नवी चावी लावून पाहिली. गाडी सुरू झाली. आता ती जानव्यावर चढणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"ही तुमच्यापाशी राहू द्या."

"काय अंबादासराव, चोरापाशीच?"

ते हसले नाहीत. काकू आत आहेत हे बघून आवाज खाली आणला.

"दिवस मावळला की मला रस्ता दिसंना झालाय. डाक्टर म्हणतेत, आता इलाज नाही. तिला बोललो नाही. कळलं तर दम लागला तरी ती मला उठवायची नाही, तशीच बसून राहील."

इतके दिवस ह्या माणसाच्या नकला करून मी सगळ्या गल्लीला हसवलं होतं.

"कधी बी हाक मारीन, उठून या," ते म्हणाले. "गाडी तुमी चालवा. मी मागं तिला धरून बसतो."