खुनी कोण ते काकांना ठाऊक

सिनेमा सुरू व्हायच्या आधीच आगाऊकाकांना दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारची खुर्ची मिळाली. बाकी सगळी इमारत सतरंजीवर खेटून बसली होती.

"काका, तोंडाला कुलूप," सेक्रेटरी म्हणाले. "मागच्या खेपेला पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही डॉक्टरकडे बोट दाखवलंत. आज एक शब्द बोललात तर बाहेर!"

"नाही हो बोलणार."

काकांची ख्यातीच तशी होती. रहस्यपट असला की खुनी कोण ते सांगून मोकळे. माणूस वाईट नव्हता. काकू गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि इतरांना ठाऊक नसलेली एवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी असायची. ती सांगितली की लोक निदान ओरडायचे तरी.

आजचा सिनेमा जुना आणि नावाजलेला. गडगंज घराणं, म्हाताऱ्याचं मृत्युपत्र, आणि एकामागून एक गचकणारे वारस. भाड्याच्या व्हिडिओवर कॅसेट लावली होती. तिसऱ्या खुनाला सतरंजीवर बसलेल्या नर्सबाईंनी शेजारच्या शिंप्याचा हात धरला, तो चौथ्या खुनापर्यंत सोडला नाही. शेवटी डिटेक्टिव्हने उरलेल्या पाच जणांना दिवाणखान्यात बोलावलं, दाराला कडी घातली, तोंड उघडलं, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. टेप आत अडकली होती.

"कोणी हात लावू नका!" म्हणत शिंप्याने स्वतःच हात घातला. वावभर टेप बाहेर आली. चुरगळलेला भाग त्याने कापून टाकला, आणि सवयीप्रमाणे शिवणीसाठी दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त धरून उरलेली टोकं एकावर एक ठेवली. नर्सबाईंनी त्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. कॅसेट पुन्हा आत गेली. यंत्राने चिकटपट्टीसकट उरलेला सिनेमा गिळला आणि जळका वास सोडला. सेक्रेटरींनी दुकानात फोन केला. दुसरी प्रत नव्हती.

मग एकेक मान दाराकडे वळली.

"काका, तुम्ही पाहिलाय ना हा?"

"पाहिलाय की."

"मग सांगा ना, खुनी कोण?"

"तुम्हीच म्हणालात, एक शब्द..."

"अहो, ते मागे घेतलं!"

दोघांनी काकांना हाताला धरून सतरंजीच्या मधोमध बसवलं. दोन्ही बाजूंनी माणसं खेटली. इतकं जवळ त्यांच्याशेजारी कोणी बसून वर्षं झाली होती. काकांना एकदम भरून आलं.

"असं एका वाक्यात नाही सांगता यायचं," ते कसंबसं म्हणाले. "उद्या घरी या. सगळेच या."

घरी येऊन काका मटकन खाली बसले. सिनेमा त्यांनी पाहिला होता, पण मध्यंतरापर्यंत. काकूंचं डोकं दुखायला लागलं म्हणून दोघं उठून आले होते. "पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ हं," काकू म्हणाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्यात होत्या, आणि तिथून घरी आल्याच नाहीत. आज तरी शेवट कळेल, म्हणून तर काका चपलांशेजारी मुकाट बसले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा माणसं आली. घरात खुर्च्या दोनच, म्हणून सेक्रेटरी पलंगावर टेकले.

काकांनी घसा खाकरला. "आधी सांगा, तुमचा संशय कोणावर?"

"धाकटी सून!" शिंपी म्हणाला.

"काहीतरीच! सुनेचा भाऊ," नर्सबाई म्हणाल्या.

दिवेलागणीपर्यंत कडाक्याचं भांडण झालं. काका मधोमध बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते.

"आता पुरे! काका, बरोबर कोण?"

"जवळ आलात," काका म्हणाले. "उद्या या."