अठराचं उणे

आकडे छापणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. आमच्या शीतगृहात जी प्रोग्रॅमिंगची भाषा चालते ती धंद्यासाठीच बनलेली, आणि स्वभावाने हेकट. तिच्यात आकडा छापायचा तर आधी त्याचा मजकूर करायचा, रुंदी ठरवून द्यायची. एकोणीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे गाडीच्या तापमानाची चिठ्ठी जरा सुबक करा, असं साहेब म्हणाले तेव्हा चहा यायच्या आत मी दोन अक्षरांचा देखणा चौकोन करून दिला.

त्यातून पहिली चिठ्ठी निघाली ती माझ्याच घरच्या कामाची. सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती आणि दोनशे पाहुण्यांचं आइस्क्रीम मी अंगावर घेतलेलं. सासरे गणिताचे निवृत्त मास्तर. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी मी त्यांच्या खिजगणतीत नव्हतो. आज येणार, अशी माझी खात्री होती.

गाडी सुटून पंधरा मिनिटं झाली आणि माझी नजर चिठ्ठीच्या प्रतीवर पडली. तापमान: 18.

हवं होतं उणे अठरा! आमची ही भाषा उणेचं चिन्ह आकड्याच्या मागे लावते, 18- असं. माझ्या चौकोनात मावत होती दोनच अक्षरं. तिसरं गुपचूप गळून पडलं होतं.

ड्रायव्हरला फोन लावला. उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम माझाच. चिठ्ठीवर असेल तेच तापमान लावायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हाही माझाच.

मग बायकोला फोन केला. माझ्या चिठ्ठीतलं उणे गळलं, आइस्क्रीमचं पाणी झालं असणार, पाहुण्यांना ताटकळत ठेवू नका, असं सांगितलं आणि स्कूटर पिटाळली.

हॉलवर पोचलो तर शेवटचे पाहुणे निघत होते. सासऱ्यांनी माझा निरोप माइकवरून सांगितला होता, कारणासकट.

आमची गाडी मागच्या दाराशी उभी होती. मी गाडीचं दार उघडलं. गार वाफ तोंडावर आली. दोनशे कप, दगडासारखे टणक.

"चिठ्ठीवर तर अठरा होतं," मी म्हणालो.

"होतं. पण अठरावर आइस्क्रीम कोण नेतं, साहेब?" ड्रायव्हरने चिठ्ठी पुढे केली. अठराच्या आधी पेनाने उणे काढलेलं. "डोकं चालवलंय. तेवढी सही द्या, नाहीतर उद्या तुम्हीच ओरडाल."

आम्ही दोघं आत गेलो; तिथे सासरे, सासूबाई आणि बायको एवढेच उरले होते. चिठ्ठी सासऱ्यांनी घेतली, चष्मा लावून पाहिली. हे उणे कोणाचं, त्यांनी विचारलं. ड्रायव्हरचं, मी कबूल केलं. जावयासाठी राखलेली शेजारची खुर्ची त्यांनी ओढली आणि ड्रायव्हरला हाताला धरून तिच्यात बसवलं.

मग माझ्याकडे वळले. "आपण उरलो पाच. कप दोनशे. प्रत्येकी किती?"

"चाळीस."

"जमतं की," ते म्हणाले आणि माझ्या हातात चमचा दिला.

बारा वर्षांतलं हे माझं पहिलं कौतुक. सध्या मी सातव्या कपावर आहे आणि दात ठणकतायत.